आमच्या हातचं पाणी माग

मागच्या नाताळात माझ्या चुलतीला दयेची एक चादर मिळाली.

वाटपाचा कार्यक्रम होता. बाहेरगावची मोठी मंडळी गाडीतून आली होती. प्रार्थना झाली, गाणं झालं, बायका रांगेत उभ्या राहिल्या. एकेकीच्या हातात चादर, एकेकीचा फोटो. चुलती घरी आली, चादर उलगडली, काठावरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "बघ रे, तुमचीच हाय का?"

आमचीच होती. डिझाइन आमच्याच शेडमधलं. माझ्या मागावरची नसली तर शेजारच्या मागावरची असेल.

बारा तास उभं राहून मी चादर विणतो. ती बाजारात जाते, बाजारातून दयाळू माणसाच्या हातात, त्याच्या हातून माझ्या चुलतीच्या अंगावर. या वाटेत माझ्या घामाची दुसऱ्याची दया कुठं झाली, ते मला कळलंच नाही. आणि वर फोटोत चुलतीनंच हात जोडलेले!

दोस्तहो, मी कॉलेजात गेलेलो नाही. दहावीनंतर माग धरला. जे वाचलं ते रातपाळी संपल्यावर, डोळ्यांत कापसाचा फुफाटा घेऊन वाचलं. पंडितांनी माझ्या व्याकरणाच्या चुका खुशाल काढाव्यात. मला एवढंच विचारायचंय: सगळ्या माणसांशी सारख्याच दयेनं वागा, असं ख्रिस्ती धर्म सांगतो. चांगलं सांगतो. पण सारखं म्हणजे काय? देणारा कायम वर आणि घेणारा कायम खाली, असं असेल तर दया सारखी वाटली काय आणि कमी-जास्त वाटली काय, काय फरक पडतो?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. पोलीस चौकीत सापडला.

आमचं घर दोन धर्मांत वाटलेलं आहे. चार-पाच पिढ्यांमागं दोन सख्खे भाऊ होते. दुष्काळात थोरला मिशनच्या आवारात गेला, धाकटा वेशीबाहेर राहिला. थोरल्याचा वंश ख्रिस्ती झाला. धाकट्याचा वंश १९५६ नंतर बौद्ध झाला. थोरल्याच्या वंशातला माझा चुलतभाऊ आणि मी एकाच शेडमध्ये काम करतो. त्याचा माग माझ्या मागाला पाठ लावून आहे. त्याचा धागा तुटला तर मी बघतो, माझी कांडी संपली तर तो बघतो.

एकदा हिशेबावरून तंटा झाला. दोघांचे खाडे जास्त धरले होते. आम्ही जाब विचारायला गेलो. मुकादमानं एका दमात दोघांना जातीवरून शिवी घातली. तुम्हाला माहीत आहे ती शिवी. इथं छापायची गरज नाही, आपल्या बापजाद्यांच्या पाठीवर ती छापलेलीच आहे.

आम्ही चौकीत गेलो. माझ्याकडं जातीचा दाखला होता. त्याच्याकडं जो दाखला होता त्यावर ख्रिस्ती लिहिलेलं होतं. साहेबानं दोन्ही कागद बघितले. मला म्हणाला, "तुझं कलम लागतंय." त्याला म्हणाला, "तुझं लागत नाही. तू साक्षीदार हो."

शिवी एक, तोंड एक, वेळ एक, खाणारे दोघं. त्यातला मी फिर्यादी आणि माझा भाऊ साक्षीदार. स्वतःच्याच अपमानाचा साक्षीदार! त्याच्या नावानं फार तर साधी शिवीगाळ. जणू त्याला कुणी गाढव म्हणालं, एवढंच.

साहेबावर माझा राग नाही. कायदाच तसा आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींना संरक्षण देतो. आणि अनुसूचित जात कोण, हे १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरतं. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानं ही यादी हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आत आले. बौद्ध आत यायला १९९० साल उजाडलं. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेले आपले लोक अजून बाहेरच आहेत. म्हणजे गावाला माझ्या भावाची जात ओळखू येते. मुकादमाला येते. घर भाड्यानं देणाऱ्याला येते. न ओळखणारं फक्त सरकार!

चौकीतून परत येताना रस्त्यात भाऊ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या पाळकांनी सांगितलंय, सगळ्यांवर सारखी दया करा. मुकादमावर पन करायला पायजे."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काय बोलालास बे? शिवी खाऊन वर दया? ही दया तुमच्या पाळकाला करू दे. त्याला कुणी शिवी दिली नाही."

तो चिडला नाही. तो बायबल कोळून प्यालाय. म्हणाला, "तुला विहिरीची गोष्ट माहीत हाय का?" आणि बंद टपरीच्या फळीवर बसून त्यानं ती सांगितली.

येशू चालून दमला होता. दुपारची वेळ. शोमरोनात सूखार गावाजवळ याकोबाची विहीर होती. यहुदी लोक शोमरोनी लोकांना बाटलेले समजत, त्यांच्याशी भांड्याचाही व्यवहार ठेवत नसत. एक शोमरोनी बाई पाण्याला आली. येशूनं तिला काही दिलं नाही आधी. तिच्याकडं पाणी मागितलं. तीच चपापली. यहुदी असून माझ्या हातचं पाणी कसं मागतोस, असं तिनंच उलट विचारलं.

मी फळीवरून उठलो. म्हटलं, थांब. ही गोष्ट आमच्याकडं पण आहे. बुद्धाचा आनंद तहानला होता. पाणी भरणाऱ्या मातंगाच्या पोरीकडं, प्रकृतीकडं, त्यानं पाणी मागितलं. तिनं घाबरून स्वतःची जात सांगितली. त्यानं सांगितलं, मला पाणी हवंय, जात नकोय. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात प्रकृतीची कथा घेतलीय.

दोन देश, दोन धर्म, आणि पाणवठ्यावर गोष्ट एकच. दोन्हीकडं मोठा माणूस खालचा समजलेल्या बाईपुढं ओंजळ धरून उभा आहे.

मित्रांनो, इथं माझी ट्यूब पेटली. तहानलेल्याला पाणी पाजणं सोपं आहे. आपल्या महाराष्ट्रात वरून धार धरून महाराला पाणी पाजणारे दयाळू पुष्कळ होऊन गेले. पुण्य त्यांच्या खात्यावर, ओंजळ आमच्या नशिबावर. अवघड आहे ते आमच्या हातचं पाणी मागणं. ज्याच्या हातचं तुम्ही पाणी पिता तो तुमच्या बरोबरीचा होतो. ज्याला तुम्ही वरून पाजता तो होत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. नवरा, नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाला. बाई बामणाची, सोवळ्यातली. नवऱ्याच्या घरी परत आली तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. पण पुढं तिनं स्वतःच विचार केला, की जात माणसानं केलेली आहे, आणि कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. माझ्या लेखी ती बाई बाप्तिस्म्याच्या दिवशी नव्हे, त्या घासाच्या दिवशी ख्रिस्ती झाली.

आता मिशनचा हिशेब. पारडं सरळ धरून करू. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली, पुढं अहमदनगरला, मग आपल्या सोलापुरात आली. शाळेच्या पायरीवर आपली सावली नको होती, तेव्हा त्यांच्या शाळेत आपली पोरं बाकावर बसली. अहमदनगरच्या मिस फरार बाईंच्या शाळेत सावित्रीबाईंनी शिकवण्याचं शिक्षण घेतलं. हे विसरणारा कृतघ्न. मी विसरत नाही.

पण दुसरं पारडंही आहे. सोलापुरात 'सेटलमेंट' हे नाव कुणाला माहीत नाही? १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. इथं काटेरी तारेच्या आत त्यांना डांबलं. हजेरी, पास, शिक्षा. या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडं होता. शाळा दिली, काम शिकवलं, प्रार्थना शिकवली. सगळं दिलं, तार मात्र तशीच ठेवली. १९५२ साली कायदा गेला तेव्हा ती माणसं कागदावर मोकळी झाली. मला त्या पाद्र्यांच्या मनाबद्दल शंका नाही. मन दयाळूच असणार. पण तारेच्या आत वाटलेली दया कितीही सारखी वाटा, वाटणारा संध्याकाळी तारेबाहेर जातो आणि घेणारा आत राहतो.

आणि चर्चच्या आत काय झालं? सतराव्या शतकात मदुरेला रॉबर्ट दी नोबिली नावाचा पाद्री बामणाच्या वेषात राहिला, वरच्या जातींना बाटल्यासारखं वाटू नये म्हणून. गोव्यात चारशे वर्षं क्रुसापुढं गुडघे टेकूनही बामण, चारडो, शूद्र हे भेद लग्नात आणि चर्चच्या मंडळांत टिकले. तिरुचिरापल्लीला ख्रिस्ती दफनभूमीत सवर्ण आणि दलित मुडद्यांच्या मध्ये भिंत घातली गेली. मेल्यावर कसला बाट? पण भिंत! लांब कशाला जायचं? माझ्या चुलतभावाचं लग्न ठरत होतं. पोरगी त्याच चर्चची, त्याच बाकावर बसणारी. तिच्या बापानं विचारलं, "तुम्ही मूळचे कोन?" मांगाचे ख्रिस्ती आणि महाराचे ख्रिस्ती. सोयरीक मोडली. रविवारी दोघांचे बाप एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय माझ्या भावानंच मला वाचून दाखवला. सभेत सोन्याची अंगठीवाला आला की त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्याचा गरीब आला की त्याला पायाशी बसवता, मग तुम्ही भेदभाव करणारेच झालात, असा त्याचा अर्थ. हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं आहे. पत्र पोचलं नाही, की वाचून बाजूला ठेवलं?

आता बाबासाहेबांकडं येतो. १ जानेवारी म्हटलं की आपल्याला भीमा कोरेगाव आठवतं. आठवलंच पाहिजे. पण १ जानेवारी १९३८ ला बाबासाहेब आपल्या सोलापुरात होते, ख्रिस्ती लोकांच्या सभेत. येवल्याची घोषणा होऊन सव्वादोन वर्षं झाली होती. सगळे धर्म त्यांच्या दारात उभे होते. त्या सभेत ते म्हणाले, की सगळ्या धर्मांचा अभ्यास करून दोनच व्यक्तींनी माझं मन ओढलं, एक बुद्ध आणि दुसरा ख्रिस्त. एवढं ऐकून ख्रिस्ती मंडळींनी टाळ्या वाजवल्या असतील. पण पुढं त्यांनी खरं ते तोंडावर सांगितलं. दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते. महाराचा पोरगा ख्रिस्ती झाला की त्याची सरकारी शिष्यवृत्ती जाते, गरिबी मात्र तीच राहते. तुमच्यात शिकलेले इतके, पण तुम्ही अन्यायाविरुद्ध कधी समाज म्हणून लढला नाहीत.

१९३८ साली शिष्यवृत्ती गेली, आज कलम जातं. गोष्ट जिथल्या तिथं आहे.

लक्षात घ्या, बाबासाहेब त्यांना तुमची दया थोडी वाढवा, असं सांगत नव्हते. दया त्यांच्याकडं भरपूर होती. लढा नव्हता. याच सोलापुरात ४ जानेवारी १९२५ ला बहिष्कृत हितकारिणी सभेनं आपल्या पोरांसाठी वसतिगृह काढलं. जिवाप्पा ऐदाळे यांनी ते सांभाळलं. मिशनची वसतिगृहं होतीच की. मग हे कशाला? कारण इथं चालवणाऱ्याचा आणि जेवणाऱ्याचा हात एकाच घरचा होता. तिथून निघालेला पोरगा आभार मानत बसला नाही, हक्क मागायला लागला.

म्हणूनच बाबासाहेबांनी धम्मात करुणेवर थांबू नका, मैत्रीपर्यंत जा, असं सांगितलं. करुणा दुःखी माणसाकडं बघते. मैत्री सगळ्यांकडं बघते, शत्रूकडंही. तेव्हा भावाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मुकादमालाही आपण माणूसच धरायचं. पण त्याच्यावर दया म्हणजे त्याची शिवी गिळणं नव्हे. त्याच्यावर खरी दया करायची तर त्याच्या तोंडाला ती शिवी येणारच नाही अशी व्यवस्था करायची. फिर्याद ही त्या व्यवस्थेची पहिली पायरी. मी भावाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग माझी फिर्याद कुठं हाय?"

मला उत्तर आलं नाही. आणि इथून पुढं हा लेख ख्रिस्ती लोकांवर नाही, आपल्यावर आहे.

आता आपली पाळी, दोस्तहो. १९५६ ला दीक्षा घेतल्यावर आपल्यालाही हेच ऐकवलं गेलं: तुमच्या धर्मात जात नाही ना, मग जातीची सवलत कशाला? महाराष्ट्रात राज्यानं सवलती आधी दिल्या, पण दिल्लीच्या यादीत यायला चौतीस वर्षं लागली. आपण तेव्हा काय उत्तर दिलं? धर्म बदलला म्हणून गाव बदलत नाही. बुद्ध जात मानत नाही, पण ज्याच्या हाताखाली आम्ही राबतो तो मानतो. बरोबर उत्तर होतं. १९९० साली आपण आत गेलो. आणि आत गेल्यावर दार लावून घेतलं.

आज तोच प्रश्न ख्रिस्ती भावाला विचारणारे आपल्यातही आहेत. "ते दुधाच्या पावडरीला भुलून गेले." कोण गेलं? माझ्या पूर्वजाचा सख्खा भाऊ गेला. दुष्काळात पोटाला नव्हतं म्हणून गेला, आणि माणूस म्हणून बोलावलं म्हणूनही गेला. तू त्या वेळी असतास तर काय केलं असतंस, ते भाकरीचा डबा उघडा ठेवून सांगू नकोस. दुसरे म्हणतात, "ते आले तर आपला वाटा कमी होईल." हे वाक्य आपण ऐकलेलं आहे. सवर्णांच्या तोंडून. आपल्या तोंडात ते शोभत नाही. वाटा कमी पडत असेल तर वाटा वाढवून मागा, खासगी कारखान्यात मागा, रिकामे अनुशेष भरून मागा. भावाला ताटावरून उठवून कुणाचं पोट भरलं?

तिसरे म्हणतात, "बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म नाकारला, मग आम्हाला काय देणंघेणं?" बाबासाहेबांनी धर्म नाकारला, माणसं नाकारली नाहीत. नाकारली असती तर १९३८ च्या सभेत त्यांच्या पोरांच्या शिष्यवृत्तीची काळजी कशाला केली असती? आणि जोतीबांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'तलं कुटुंब आठवा. एकाच घरात कुणी बौद्ध, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान, कुणी सत्यधर्मी, आणि सगळे गुण्यागोविंदानं राहतात. ते पुस्तक १८९१ साली छापून आलं. आपण सव्वाशे वर्षांनीही एका घरात दोन धर्म पचवू शकत नाही.

रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ साली सांगितलं, की अनुसूचित जातीची अट धर्मापासून सोडवा, १९५० च्या आदेशातला तो परिच्छेद काढून टाका. अहवाल धूळ खात पडला. २०२२ साली सरकारनं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग त्याच प्रश्नावर नेमला. आयोगामागून आयोग. दरवर्षी १० ऑगस्टला दलित ख्रिस्ती काळा दिवस पाळतात. त्यात निळा झेंडा किती ठिकाणी दिसतो? मी अजून एकदाही गेलेलो नाही. हे लाज वाटून लिहितोय.

तेव्हा ख्रिस्ती भावांना माझं सांगणं: वर्षातून एकदा चादर वाटू नका. वाटायचीच असेल तर आधी माझ्या चुलतीच्या घरी या, तिच्या हातचा चहा प्या, तिच्या पोराला पोरगी द्या, आणि तिच्या पोराला शिवी बसली तर तुमचा पाळक, तुमचा बिशप चौकीच्या पायरीवर उभा राहू द्या. सारखी दया यालाच म्हणतात. बाकी सगळं वाटप.

आणि भीमसैनिकांना माझं सांगणं: जयंतीला चौकात पाणपोई घालता, चांगलं करता. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देता. आता एकदा उलट करा. बुधवार पेठेतून उठा, ख्रिस्ती वस्तीत जा आणि त्यांच्याकडं पाणी मागा. बसा, त्यांचं ऐका. येत्या १० ऑगस्टला त्यांच्या मोर्चात निळा झेंडा घेऊन चला.

माझी फिर्याद अजून चालू आहे. दर तारखेला भाऊ येतो. साक्षीदार म्हणून. एक दिवसाचा खाडा मांडून घेऊन, माझ्या अपमानाची साक्ष द्यायला. स्वतःच्या अपमानाबद्दल त्याला कुणी विचारत नाही.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही दोघं उभे असू. तुमच्यातले किती येतात, ते मी मोजणार आहे.

जय भीम.